तगरचे तेर कसे झाले

धाराशिव तालुक्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. हेच गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘तगरा’ या नावाने नोंदवले. ‘पेरिप्लस’ या त्याच्या प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर येते. इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. पुढच्या शतकात भूगोलकार टॉलेमीनेही ‘तगरा’च लिहिले. पैठणचे मात्र एकाने ‘पैठाना’ केले, तर दुसऱ्याने ‘बैथाना’.

इकडे कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. राज्य दूर समुद्राकडे, पण मिरवायचे ते तगरचे धनीपण!

मग हे तगर गेले कुठे? एकोणिसाव्या शतकात त्याचा शोध चांगलाच रंगला. कोणी देवगिरी सुचवले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकरांनी बीडकडचे धारूर. इंग्रजी नकाशांत तेर होते, पण टी-एच-ए-आय-आर अशा अक्षरांत. त्या ‘थैर’मध्ये तगर कोणाला दिसणार?

१९०१ मध्ये पुरालेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी स्पेलिंग बाजूला ठेवून उच्चार धरला. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो आणि त्या जागी ‘य’ येतो. नगरचे ‘नयर’ होते, तसे तगरचे ‘तयर’, त्याचे ‘तेर’. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या शिलाहारकालीन अपभ्रंश काव्यात तर धाराशिवच्या लेण्यांबरोबर ‘तेरापूर’च येते. म्हणजे ताम्रपटांत तगर कोरले जात होते, त्या काळात लोकांच्या तोंडी तेर रुळलेही होते. फ्लीट यांच्यामागून पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स तेरला आले. त्रिविक्रम मंदिराचा पाठीमागून अर्धगोल असलेला विटांचा गाभा त्यांनी पाहिला आणि तो मूळचा बौद्ध चैत्य असल्याचे सांगितले.

जिल्ह्याच्या गावाची कथा वेगळी. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. त्यासाठी दरबार आणि सरकार लागले. तगरचे तेर मात्र बोलणाऱ्यांनीच केले, आणि एकाही फर्मानाशिवाय ते टिकले.