वंशशोध : गिरगाव, दादर, परळ, लालबाग

घराण्यातील माणसे, त्यांची नाती, गावे आणि स्थलांतरे कागदांच्या व आठवणींच्या आधारे जुळवण्याचे काम म्हणजे वंशशोध. दक्षिण व मध्य मुंबईतील मराठी कुटुंबांपुरते पाहिले तर या कामाला दोन टोके असतात. एक मुंबईतली खोली, दुसरे मूळ गाव. खोली गिरगावातल्या चाळीतली असो, दादरच्या हिंदू कॉलनीतली असो की लालबागच्या दहा बाय बाराच्या गाळ्यातली, तिच्यात राहणाऱ्या बहुतेक घरांचा पहिला मुंबईकर तीन-चार पिढ्यांपूर्वी रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यातून आलेला असतो. ऑनलाइन अभिलेख मुख्यतः गावाकडच्या जमिनीचे आहेत आणि मुंबईतल्या आयुष्याचे पुरावे मुख्यतः घरच्या ट्रंकेत व कचेऱ्यांच्या दप्तरात आहेत. म्हणून या भागातील शोधकाचे पहिले ध्येय एकच असावे : खोली आणि गाव यांना जोडणारा एक पक्का कागद मिळवणे. तो हाती नसेल तर संकेतस्थळावर आडनाव टाकून मिळालेली माणसे आपलीच आहेत, याला आधार राहत नाही.

ऑनलाइन सोयी येण्याच्या फार आधीपासून मराठी मुलखात वंशावळी राखल्या जात. वतनाच्या तंट्यांत वंशावळ हा पुरावा असे, त्यामुळे महजरांत व निवाडपत्रांत पिढ्यांची नावे सापडतात. नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे आणि पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या वह्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की त्या घराण्याची नेमकी वही निघते आणि पणजोबा कोणाबरोबर कधी येऊन गेले याची नोंद, कधी त्यांच्या सहीसकट, पाहायला मिळते. कोल्हापूर-सांगलीकडच्या घराण्यांसाठी हेळवी हे महत्त्वाचे साधन आहे. सुगीनंतर गावोगाव फिरून एकेका भावकीची वंशावळ म्हणून दाखवणे आणि नव्या जन्मांची भर घालणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. विसाव्या शतकात छापील कुलवृत्तांतांची लाट आली आणि कोकणस्थांसह अनेक घराण्यांनी आपापले जाडजूड ग्रंथ काढले. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादरचा संदर्भ विभाग असे ग्रंथ पाहण्यासाठी जवळची जागा आहे. मात्र जुन्या कुलवृत्तांतांत सुनांची नोंद माहेरच्या नावासह बरी होते, मुलींची शाखा बहुधा लग्नापाशीच थांबते. ही उणीव मोठी आहे आणि नव्या शोधकाने ती जाणीवपूर्वक भरून काढली पाहिजे.

ध्येय ठरवणे. ‘घराण्याचा संपूर्ण इतिहास’ हे ध्येय कोणाच्याही हातून पुरे होत नाही. ‘आजोबांचे वडील कोणत्या गावाहून, साधारण कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने मुंबईत आले’ हा प्रश्न मात्र काही महिन्यांत सुटू शकतो, कारण त्याचे उत्तर कोणत्या कागदात असेल हे ठरवता येते. त्यानंतरचा प्रश्न आजीच्या माहेराचा घ्यावा. लग्नात मुलीचे नावही बदलण्याची चाल असल्याने पणजीची दोन नावे, दोन आडनावे आणि दोन गावे धरून शोधावे लागते. जितका उशीर होईल तितकी ते माहेरचे नाव सांगणारी माणसे कमी होत जातात. म्हणून कागदांआधी घरातल्या सर्वांत वयस्क स्त्रीशी बोलून घ्यावे. कागद पुढच्या वर्षीही मिळू शकतो.

उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारू नये. घराणे अमुक लढाईत होते, अमुक सरदाराच्या वंशातले आहे, ही सांगी जवळजवळ प्रत्येक भावकीत असते. ती लिहून ठेवावी, पण ‘ऐकीव’ या सदरात. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळाले (माणूस, वही, पान, साल) हे त्याच दिवशी लिहिण्याची सवय नसेल तर दोन वर्षांनी स्वतःच्याच वंशावळीवर भरवसा ठेवता येत नाही.

मुंबईतले कागद. जन्ममृत्यूच्या नोंदी महापालिकेच्या विभाग कार्यालयांत मिळतात. गिरगावचा बराचसा भाग डी विभागात, ठाकूरद्वार-चिराबाजार सी विभागात, दादर पश्चिम जी-उत्तरमध्ये, दादर पूर्व व माटुंगा एफ-उत्तरमध्ये आणि परळ-लालबाग एफ-दक्षिणमध्ये येतात. नोंद राहत्या घरावरून न होता घटना घडलेल्या जागेवरून होते. केईएम रुग्णालय आणि नौरोजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ पासून परळमध्ये आहेत, त्यामुळे वरळी किंवा दादरला राहणाऱ्या घरातल्या मुलाची नोंद एफ-दक्षिणमध्ये असू शकते. जुन्या रजिस्टरांत बाळाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी दिसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. तेथे वडिलांचे नाव आणि तारीख धरून शोधावे. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्याने थोरल्या मुलाची नोंद मुंबईत मिळाली नाही तर आईच्या गावचा गाव नमुना १४ पाहावा. कोतवालाने लिहिलेले हे जन्ममृत्यूचे रजिस्टर बोलीत ‘कोतवाल बुक’ म्हणून ओळखले जाते.

शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा भक्कम आधार. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा आणि पालकांचे नाव एका ओळीत मिळते. या एका ओळीचे मोल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणावरून कळते. साताऱ्याच्या, आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे दाखल झाले. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. म्हणजे केवळ आडनाव धरून मागे जाणारा या नोंदीपाशीच अडेल आणि गाव धरून जाणारा पुढे जाईल. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली. त्या चाळीतल्या आणि नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या अनेक बौद्ध कुटुंबांना शोधात आणखी एक वळण लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मुलांच्या दाखल्यावरची धर्म व जातीची नोंद बदलली, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांचे दाखले वेगळे दिसू शकतात. तो फरक कारकुनाची चूक समजून दुरुस्त करू नये. त्या घराण्याने काय निर्णय घेतला याचा तो पुरावा आहे.

गिरणगावात मात्र सर्वांत बोलका कागद गिरणीचा. तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेचे रजिस्टर, ईएसआयसी क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब : १८ जानेवारी १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांतल्या फार थोड्यांनी हे कागद नातवंडांसाठी जपावेत असे मनात आणले असेल. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली, २०१२ साली म्हाडाने पहिली मोठी सोडत काढली आणि हेच कागद पात्रतेचे पुरावे ठरले. वारसांनी गावाकडचे माळे उपसले, ट्रंका उघडल्या. घरासाठी गोळा केलेली ती फाइल वंशशोधासाठी तयार साधन आहे. त्यात कामगाराचे पूर्ण नाव, गिरणी, खाते, नोकरीची वर्षे आणि वारसांची नावे एकत्र सापडतात. घर मिळो वा न मिळो, ती फाइल फेकू नये.

याशिवाय भाडेपावत्या, पागडीचे कागद, रेशनकार्ड आणि खानावळीच्या वह्या आहेत. ग्रामस्थ मंडळांच्या दप्तराकडे शोधकांचे फार कमी लक्ष जाते. गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या चाकरमान्यांची यादी, वर्गणीची पुस्तके, देवळाच्या जीर्णोद्धाराचे अहवाल यांत कोण कोणत्या वाडीचा हे लिहिलेले असते. गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका आणि वर्गणीच्या याद्याही तशाच उपयोगाच्या. गिरगावची केशवजी नाईक चाळ १८९३ पासून आणि लालबागचा राजा १९३४ पासून उत्सव करीत आले आहेत. नाव बदलल्याच्या जाहिराती शासनाच्या राजपत्रात निघतात आणि त्याचे मुद्रणालय चर्नी रोडलाच आहे.

ऑनलाइन अभिलेख. सातबारा व आठ-अ घरबसल्या पाहता येतात, पण वंशशोधाला त्यांच्यापेक्षा फेरफार आणि वारसनोंदी उपयोगी. माणूस वारला की त्याच्या वारसांची नावे फेरफारात चढतात, म्हणून एका मृत्यूच्या नोंदीतून एक अख्खी पिढी हाती येते. जुने स्कॅन केलेले सातबारे व फेरफार महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांसाठी आहेत. त्यासाठी जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा सर्व्हे नंबर माहीत हवा. नुसत्या नावाने शोधायला गेलेले बहुतेक जण येथे अडतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. १९६७ पूर्वीचे गाव नमुने, शाळांची रजिस्टरे, मोडीतली दप्तरे राज्यभर तपासली गेली आणि सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्यामागचा हेतू आरक्षणाचा असला तरी एरवी तालुक्याच्या कपाटात राहिली असती अशी हजारो पाने यामुळे लोकांसमोर आली. मात्र भूमिहीनांची, बलुतेदारांची, कुळांची नावे जमिनीच्या कागदात उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ऑनलाइन काही सापडले नाही म्हणजे घराण्याला इतिहास नाही, असे कोणी समजू नये. त्यांच्यासाठी शाळा, गिरणी, गोदी, रेल्वे आणि पालिकेची सेवापुस्तके ही खरी साधने आहेत.

काही समाजांचे मूळ गाव मुंबईच आहे : कोळी, पाठारे प्रभू, पाचकळशी, खोताची वाडी व परिसरातले ईस्ट इंडियन. मुंबई शहरात सातबारा नाही. सिटी सर्व्हे नंबर आणि मालमत्ता पत्रक शहराच्या भूमापन कार्यालयात पाहावे लागते. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चची बाप्तिस्मा, विवाह व दफन रजिस्टरे पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी देतात. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ पासूनचे आहे. गोव्याकडच्या सारस्वत घराण्यांनी देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या पाहाव्यात. पोर्तुगीज कागदांत शेणै ‘सिनाय’ आणि प्रभू ‘पोरोबो’ होऊन येतात, तेव्हा शोधताना तीही रूपे टाकावीत.

फॅमिलीसर्च हे मोफत जागतिक संकेतस्थळ अमेरिकेतल्या युटाहच्या संस्थेचे. या संस्थेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील वह्यांचे मायक्रोफिल्म केले. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या नोंदी मुख्यतः युरोपीय व ख्रिस्ती कुटुंबांच्या. भारतीय जनगणनेतल्या घरोघरच्या पत्रकांचा इंग्लंड-अमेरिकेसारखा उपयोग येथे होत नाही, हे परदेशी मार्गदर्शक पुस्तके वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. उलट दिशेचा शोधही चालतो. १८३४ पासून मॉरिशसला गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेले कोकणातले लोक होते. त्यांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि तेथली मराठी कुटुंबे त्यातले गावाचे नाव घेऊन रत्नागिरीपर्यंत पोचतात.

सन, लिपी, आठवण. जन्मपत्रिका व जुने व्यवहार शके सनात असतात. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. महसुली कागदातल्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावेत. मृत्यूची तारीख विसरली तरी श्राद्धाची तिथी घरात टिकते. ‘प्लेगच्या साली आले’ म्हणजे १८९६ नंतरची काही वर्षे, ‘मानमोडीत गेली’ म्हणजे १९१८, ‘गोदीचा स्फोट झाला तेव्हा’ म्हणजे १४ एप्रिल १९४४. अशा खुणांनी वयस्क माणसांच्या सांगण्याला साल मिळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बरेच कागद मोडीत आहेत. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तरी हस्तलिखित वाचायला अजून माणूसच लागतो. आपल्या घराण्याच्या दहा-बारा कागदांपुरती मोडी शिकणे कोणालाही शक्य आहे, आणि ते शिकावेच.

तयार वंशावळ ऑनलाइन ठेवताना हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते व कागदपत्रांचे क्रमांक वगळावेत. दत्तक, दुसरे लग्न, घर सोडून गेलेली मुलगी यांच्या नोंदी प्रसिद्ध करण्याआधी त्या शाखेला विचारावे, पण स्वतःच्या वहीतून मात्र पुसू नयेत.

गेल्या काही वर्षांत गिरगावच्या चाळींचा आणि परळ-लालबागच्या इमारतींचा पुनर्विकास वेगाने होत आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरची ट्रंक, भाडेपावत्यांची पिशवी, मंडळाची जुनी वही बहुधा रद्दीत जाते. नव्या घराच्या पात्रतेला लागणारे कागद जपले जातात, बाकीचे जात नाहीत. म्हणून करारावर सही होण्याआधीच प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा, मागच्या बाजूचे पेन्सिलीचे आकडेही सोडू नयेत, आणि मंडळाच्या वह्या कोणाच्या घरी जाणार हे बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावे.