शिमबसवणी : जुन्या मोटरसायकल इंजिनातील कॅमशाफ्ट व बेव्हल गिअर

शिम म्हणजे यंत्राच्या दोन भागांतले अंतर नेमके करण्यासाठी मध्ये घालायची ठरावीक जाडीची पोलादी चकती. जुन्या मोटरसायकलचे इंजिन नव्याने बांधताना व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा लांबीच्या दिशेचा प्ले, म्हणजे एंड फ्लोट, आणि बेव्हल गिअरच्या दात्यांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, शिम घालून जुळवतात. झीज झाकणे हे शिमचे काम नव्हे. गिअर मूळ आराखड्यातल्या जागी आणणे, हे तिचे काम. म्हणून खराब बेअरिंगे आणि खड्डे पडलेले गिअर आधी बदलावेत, शिम त्यानंतर निवडावी.

इतिहास : बेव्हल गिअर शंकूच्या आकाराचे असतात आणि एकमेकांना छेदणाऱ्या अक्षांवरचे दोन शाफ्ट जोडतात. बेव्हल गिअरवर कॅमशाफ्ट चालणाऱ्या इंजिनांत एक जोडी क्रँककेसकडे आणि दुसरी सिलिंडर हेडमध्ये असते. दोन्हींमधला उभा शाफ्ट कॅमशाफ्ट फिरवतो. नॉर्टनने १९२७ मध्ये ‘सीएस १’ या मोटरसायकलीत ही रचना वापरली. अभियंते फाबिओ तालिओनी यांनी १९५५ मध्ये डुकाटीच्या ‘ग्रान स्पोर्ट’साठी ती स्वीकारली. डुकाटीची जुळे-सिलिंडर बेव्हल इंजिने १९७१ पासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिली. प्रत्येक इंजिनाला शिम निवडून बसवणे वेळखाऊ आणि खर्चिक असल्याने पुढे दातेरी पट्टा आणि साखळी यांनी ही जागा घेतली. कावासाकीने १९९९च्या ‘डब्ल्यू ६५०’मध्ये मात्र बेव्हल गिअर पुन्हा आणले.

भूमिती : जोडीतल्या दोन्ही गिअरांच्या शंकूंची टोके एकाच बिंदूत मिळाली, तरच दाते पूर्ण रुंदीवर नीट टेकतात. दोन्ही गिअर चुकीच्या जागी असतानाही बॅकलॅशचा आकडा बरोबर येऊ शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही. सरळ दात्यांच्या, समान दातेसंख्येच्या, काटकोनातल्या आणि २० अंश दाबकोनाच्या जोडीत एक गिअर अक्षावर ०.१ मिमी. पुढे सरकवला, तर बॅकलॅश साधारण ०.०५ मिमी.ने घटतो. किती जाडीची शिम घालायची किंवा काढायची, याचा पहिला अंदाज या प्रमाणावरून बांधता येतो.

पद्धत : खालची जोडी आधी, वरची नंतर. दोन्ही जुळल्यावर कॅमशाफ्टचा एंड फ्लोट तपासतात. जोडणीत वापरायचेच गॅस्केट घालून बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळल्याशिवाय घेतलेले माप निरुपयोगी ठरते, कारण बहुतेक रचनांत सिलिंडरखालच्या गॅस्केटची जाडी बदलली की वरच्या जोडीची बसवणीही बदलते. एक गिअर घट्ट धरून दुसऱ्याच्या दात्यावर डायल गेज टेकवतात आणि गिअर फिरवून वेगवेगळ्या चार जागी बॅकलॅश मोजतात. सर्वांत घट्ट जागेचे माप धरायचे. अशा लहान गिअरांत ते बहुधा मिलिमीटरच्या काही शतांशांत असते. अंतिम आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतलाच.

यानंतर दात्यांना मार्किंग ब्लूचा पातळ थर लावून गिअर हाताने फिरवतात. टेकल्याचा डाग दात्याच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे आला तर जागा योग्य. भार आल्यावर तो बाहेरच्या बाजूला सरकतो. डाग एका कडेला गेला, तर बॅकलॅश बरोबर असूनही गिअरची जागा बदलावी लागते. जोडी फार घट्ट असेल तर इंजिन रडल्यासारखा बारीक आवाज करते आणि दात्यांना खड्डे पडतात. सैल असेल तर खडखडते, आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते तेव्हा टायमिंग हलते.

उष्णता : तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढते. १५० मिमी. उंचीचे ॲल्युमिनियम ८० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे ०.२८ मिमी. वाढते, तेवढ्याच लांबीचा पोलादी शाफ्ट सुमारे ०.१४ मिमी. वाढतो. या फरकाचा परिणाम बॅकलॅशवर होऊ नये म्हणून नॉर्टनच्या उभ्या शाफ्टला लांबीच्या दिशेने सरकू देणारे ओल्डहॅम कपलिंग दिलेले असे. थंड इंजिनावर घेतलेल्या मापाबरोबर त्या वेळचे तापमान नोंदवणे म्हणूनच आवश्यक ठरते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर विशेषच.

छत्रपती संभाजीनगर : मराठवाड्यातल्या या शहराजवळच्या वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. कंपनीने १९८६ मध्ये कावासाकीच्या सहकार्याने ‘केबी १००’ आणि १९९१ मध्ये ‘४ एस चॅम्पियन’ या मोटरसायकली आणल्या. पहिली टू-स्ट्रोक, म्हणून तिच्यात कॅमशाफ्टच नाही, दुसरी फोर-स्ट्रोक. उभ्या शाफ्टचे बेव्हल इंजिन या भागात दुर्मीळच. पुशरॉडच्या जुन्या बुलेटमध्ये कॅम खाली टायमिंग कव्हरच्या आत असतात आणि सरळ दात्यांच्या गिअरवर चालतात; तिथे प्रश्न एंड फ्लोटचा असतो, शंकूच्या टोकांचा नसतो. बेव्हल गिअर इथल्या मिस्त्रींच्या हाताखालून जातात ते मुख्यतः रिक्षाच्या डिफरन्शिअलमध्ये. तिथेही गिअरमागच्या थ्रस्ट वॉशरची जाडी महत्त्वाची असते.

परदेशी इंजिनाची मूळ शिम मिळाली नाही, तर कडक केलेला जाड वॉशर सरफेस ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून हव्या मापाला आणता येतो. काम झाल्यावर त्यातले चुंबकत्व घालवलेच पाहिजे. ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवरून उतरलेली शिम लोखंडाचा बारीक कीस ओढून घेते आणि तो थेट बेअरिंगमध्ये जातो. शिमची जाडी मायक्रोमीटरने कडेने तीन ठिकाणी मोजावी. अनेक पातळ शिमांची चळत दबते, म्हणून शक्य तिथे एकच जाड शिम वापरावी. पत्र्याचे कापलेले तुकडे फिरत्या भागामागे कधीच घालू नयेत.

काढलेल्या आणि घातलेल्या प्रत्येक शिमची जाडी, जागा व बाजू, मिळालेला बॅकलॅश आणि गॅस्केटची जाडी इंजिन क्रमांकासह लिहून ठेवणे हा या कामाचाच भाग आहे. पुस्तिका आणि सुटे भाग दुर्मीळ झालेल्या इंजिनाची पुढची दुरुस्ती याच नोंदीच्या आधारे होते.