परळचं ऋण

परळचा इतिहास बहुधा गिरण्यांच्या भोंग्यांतून सांगितला जातो. पण माणसाचं आणि जनावराचं वैद्यकही याच वस्तीत शेजारी शेजारी वाढलं. जनावरांसाठीचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल इथलं, आणि १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही इथलंच. पुढे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय आलं, १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. तिथे डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवर स्तनाच्या व रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार१९ ही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची जनुकीय उपचारपद्धती याच परंपरेतली. रुग्णाच्या पांढऱ्या पेशींत नवं जनुक घालून त्यांना कर्करोगाशी लढायला तयार करणारी ही पद्धत माणसाआधी उंदरांवर पारखली गेली. जनावरांनी या विद्येला इतकं दिलं. तिचं फळ त्यांच्या वाट्याला यायला हवं.

गरज किती आहे, हे शेतकरी जाणतो. महाराष्ट्र-गुजरातेत बैलांना शिंगाचा कर्करोग होतो: बैल डोकं झटकतो, नाकातून रक्त येतं, शिंग एका बाजूला कलतं. उपाय म्हणजे शिंग मुळापासून काढणं, जोडीला व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं. कर्करोग कुठलाही असो, वाढला की जनावर चारा असूनही खंगत जातं, स्नायू झडतात. या खंगण्यावरही जनुकीय उपाय शोधला गेला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत कर्करोगग्रस्त कुत्र्यांच्या स्नायूत डीएनएचं एक वर्तुळ टोचून विजेचे सौम्य झटके दिले गेले. मग स्नायूच वाढसंप्रेरक स्रवायला लावणारं द्रव्य बनवू लागला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने याच तत्त्वावरचं औषध डुकरिणींसाठी मान्य केलं. कुत्र्यांच्या तोंडातल्या मेलानोमावरच्या डीएनए लशीला २०१० मध्ये अमेरिकेत पूर्ण परवाना मिळाला.

वाढीला चालना देणारं द्रव्य गाठही वाढवील, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर दीर्घ निरीक्षणातूनच मिळेल, म्हणून प्रयोग सावधपणे आणि पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच व्हावेत. दुसरा आक्षेप पैशाचा: नेक्सकार१९ लाखो रुपयांची, ती माणसांनाच परवडत नाही, मग जनावरांचा विचार कशाला? पण प्रत्येक रुग्णाच्या पेशी काढून प्रयोगशाळेत तयार कराव्या लागतात म्हणून ती महाग आहे. स्नायूत टोचायचं डीएनए जिवाणूंकरवी एकत्र मोठ्या प्रमाणात तयार करता येतं आणि प्रत्येक जनावरासाठी वेगळं बनवावं लागत नाही. शिवाय कुत्र्याचा किंवा बैलाचा कर्करोग प्रयोगासाठी लादलेला नसतो, तो आपसूक होतो. म्हणून त्यावर उपचार केल्यास मिळणारी माहिती माणसाच्याही कामी येईल.

 शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या बैलापर्यंत ही विद्या पोचवायची, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आणि टाटा मेमोरियलने शिंगाच्या कर्करोगावर आणि खंगण्यावर एकत्र संशोधन हाती घ्यावं, आणि राज्य सरकारने त्याला निधी द्यावा.