शून्यापाशीं अडलेलें गणित

दाब वाढला कीं प्रवाहहि त्याच प्रमाणांत वाढतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला. साधा रोध असा सरळ स्वभावाचा असतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विद्युन्मंडलांत एक उफराट्या स्वभावाचा पाहुणा शिरला. दाबाचें नियमन करणारा परिवर्तक पुढच्या यंत्राला ठरलेली शक्ति पुरवितो. मागचा दाब घटला, तर तो अधिक प्रवाह ओढतो. ९६ वॅट हवे असतां ४८ व्होल्टांवर त्याला २ अँपिअर पुरतात. २४ व्होल्टांवर ४ लागतात. हाच स्थिरशक्ति भार. ४८ व्होल्टांच्या आसपासच्या लहान फरकांना तो उणे २४ ओहमांसारखा भासतो, आणि उणा रोध आंदोलनें शमविण्याऐवजीं पोसतो. या धोक्याचें मार्मिक विवेचन आर. डी. मिडलब्रुक यांनीं १९७६ सालीं केलें.

अशा मंडलाची परीक्षा प्रत्यक्ष जोडणीआधीं संगणकावर करण्याचा मार्ग त्याच सुमारास खुला झाला होता. बर्कली येथील विद्यापीठांत लॉरेन्स नेगेल यांनीं डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखालीं रचलेली 'स्पाइस' ही आज्ञावली १९७३ सालीं विद्वानांपुढें आली. तिच्या दुसऱ्या आवृत्तींत एका दाबावर अवलंबून असणारा प्रवाह केवळ बहुपदीनें मांडतां येई. शक्तीला दाबानें भागावयाचें, एवढें साधें सूत्र. पण त्यासाठींहि आडवाट शोधावी लागे. तिसऱ्या आवृत्तींत वाटेल तें सूत्र लिहिण्याची सोय झाली.

खरी अडचण मात्र सूत्र लिहिल्यावरच उघडी पडली. आज्ञावली न्यूटनच्या रीतीनें, अंदाज सुधारीत सुधारीत, उत्तराकडे जाते. आणि पहिला अंदाज बहुधा शून्य व्होल्टांचा असतो. शून्यानें भागतांच प्रवाह अमर्याद होतो व गणित तेथेंच कोसळतें. शिवाय उत्तरहि एकच नसतें. ५० व्होल्टांचा उद्गम व १ ओहम रोध यांपुढें ९६ वॅटांचा भार ठेवला, तर ४८ व्होल्ट हें उत्तर बरोबर, आणि २ व्होल्ट व ४८ अँपिअर हेंहि गणितदृष्ट्या तितकेंच बरोबर! ६२५ वॅटांहून अधिक मागितले, तर उत्तर मुळींच नाहीं.

यावर तोडगा निघाला तो असा : एका ठराविक दाबाखालीं भाराला साधा रोध समजावें. सीमा ३६ व्होल्टांवर धरली, तर तो रोध १३.५ ओहमांचा येतो. सांधा तुटत नाहीं आणि २ व्होल्टांचें तें विचित्र उत्तर नाहींसें होतें. कोणी याला हातचलाखी म्हणेल. पण खरा परिवर्तकहि दाब फार उतरला म्हणजे काम थांबवितो. शून्यापर्यंत तीच शक्ति ओढणारें यंत्र कोणीं बनविलेलेंच नाहीं. म्हणून ती सीमा मनानें न धरतां, ज्या परिवर्तकाची परीक्षा करावयाची, त्याच्याच माहितीपत्रकांतून घ्यावी लागते.