घाट नाही, ट्रॅफिक नाही! स्पेनमधल्या अडीचशे वर्षं जुन्या कालव्याकाठी सायकल चालवणं इतकं सोपं का आहे?

सायकलवर लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक म्हणजे चढ आणि दुसरी म्हणजे मागून हॉर्न वाजवत येणारा ट्रक.

त्यात देश स्पेन असेल तर धास्ती आणखीनच वाढते. ‘वुएल्टा आ एस्पान्या’ ही तिथली सायकल शर्यत ज्यांनी टीव्हीवर पाहिली आहे, त्यांना तिथले छाती फोडणारे घाट माहीत असतील.

पण याच स्पेनच्या उत्तर भागात एक असा मार्ग आहे, जिथे २०७ किलोमीटरच्या अंतरात घाट नावाची गोष्टच नाही. गाड्याही जवळपास नाहीत. एका बाजूला पाणी, डोक्यावर झाडांच्या रांगा आणि चहूबाजूंना क्षितिजापर्यंत गव्हाची शेतं.

हा मार्ग म्हणजे कास्तियाचा कालवा, स्पॅनिशमध्ये ‘कानाल दे कास्तिया’. विशेष म्हणजे ही वाट सायकलसाठी बांधलेलीच नाही. ती खेचरांसाठी बांधली होती.

कालवा, पण शेतीसाठी नाही

आपल्याकडे कालवा म्हटलं की धरण, पाट आणि उसाचं शिवार डोळ्यांसमोर येतं. हा कालवा मात्र पाणी पाजण्यासाठी नव्हे, तर गहू वाहून नेण्यासाठी खोदला होता.

अठराव्या शतकात कास्तियाचं पठार हे स्पेनचं धान्याचं कोठार होतं. पण समुद्र लांब, मध्ये कान्ताब्रियन पर्वतरांग आणि रस्ते इतके खराब की बैलगाड्यांनी धान्य बंदरापर्यंत नेणं परवडायचं नाही. एकीकडे कोठारं भरलेली असायची आणि दुसरीकडे किनाऱ्यावरच्या प्रांतांना धान्य बाहेरून आणावं लागायचं.

राजा सहावा फर्नांदो याचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा याने यावर उपाय काढला. पठारावरून थेट सांतान्देर बंदराच्या दिशेने जलमार्ग काढायचा. आंतोनिओ दे उयोआ या नौदल अधिकाऱ्याने आराखडा मांडला, फ्रेंच अभियंता कार्लोस लेमॉर याने तांत्रिक बाजू सांभाळली आणि १७५३ साली खोदकाम सुरू झालं.

पण पुढच्याच वर्षी एन्सेनादाची सत्ता गेली आणि काम बंद पडलं. १७५९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मग पैशांची टंचाई आली, १८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं आणि काम पुन्हा रखडलं. एका टप्प्यावर तर कैद्यांना खोदकामाला जुंपलं गेलं. अखेर १८४९ साली कालवा पूर्ण झाला. म्हणजे सुरुवातीपासून तब्बल ९६ वर्षांनी.

तोही अर्धवटच. डोंगर ओलांडून समुद्राकडे जाण्याचा मूळ बेत कधीच प्रत्यक्षात आला नाही. कालवा पर्वतांच्या पायथ्याशी, आलार देल रेय या गावातच थांबला.

वाट इतकी सपाट कशी?

याचं उत्तर सोपं आहे. कालव्यातलं पाणी जवळपास स्थिर हवं, नाहीतर प्रवाहाविरुद्ध होडी ओढता येणार नाही. त्यामुळे कालवा शक्यतो एकाच पातळीत खोदतात आणि जमीन उतरते तिथे ‘लॉक’ बांधतात.

लॉक म्हणजे पाण्याची लिफ्टच. दोन दरवाज्यांमध्ये दगडी हौद असतो. होडी आत घेतात, दरवाजा बंद करतात आणि पाणी सोडून किंवा भरून होडी खाली-वर करतात.

कास्तियाच्या कालव्यावर असे ४९ लॉक आहेत. आलार देल रेयपासून वायादोलिद शहरापर्यंतचा एकूण उतार आहे सुमारे १५० मीटरचा आणि तोही सव्वाशेपेक्षा जास्त किलोमीटरमध्ये विभागलेला. सायकलस्वाराला हा उतार जाणवतो तो फक्त लॉकपाशी, काही मीटरच्या छोट्या उतरणीत. एरवी वाट ताटासारखी सपाट.

होड्यांना इंजिन नव्हतं. काठावरून चालणारी खेचरं त्यांना दोराने ओढायची. म्हणून कालव्याच्या कडेने सलग वाट ठेवावी लागली. तिला म्हणतात ‘कामिनो दे सिर्गा’, म्हणजे दोराने ओढण्याची वाट. आज सायकली चालतात त्या याच वाटेवरून.

मग होड्या कुठे गेल्या?

कालव्याचे सोन्याचे दिवस जेमतेम दहा-पंधरा वर्षं टिकले. १८५० च्या दशकात त्यावर साडेतीनशेहून अधिक मालवाहू होड्या फिरत होत्या. लॉकवर पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात रेल्वे आली. १८६६ मध्ये आलार देल रेय ते सांतान्देर हा लोहमार्ग पूर्ण झाला. जे डोंगर कालव्याला ओलांडता आले नाहीत, ते रेल्वेने ओलांडले. शिवाय रेल्वेचे रूळ बऱ्याच ठिकाणी कालव्याला समांतरच होते. खेचरांची गती आगगाडीपुढे टिकणं शक्यच नव्हतं.

तरीही होड्या रडतखडत चालू राहिल्या. १९५९ मध्ये जलवाहतूक अधिकृतपणे बंद झाली. पाणी मात्र वाहतच राहिलं. आज ते शेतीला जातं आणि शुद्ध करून वायादोलिदसारख्या शहराला पिण्यासाठीही पुरवलं जातं. १९९१ साली सरकारने कालव्याला संरक्षित वारशाचा दर्जा दिला.

पाणी वापरात असल्यामुळे कालवा बुजला नाही आणि कालवा टिकल्यामुळे वाटही टिकली.

वाटेत काय काय लागतं?

नकाशावर हा कालवा उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. त्याच्या तीन शाखा आहेत.

• उत्तर शाखा (७५ किमी, २४ लॉक): आलार देल रेय ते कालाओरा दे रिबास. सर्वाधिक लॉक याच शाखेवर. फ्रोमिस्ता गावात चार लॉक एकापाठोपाठ एक आहेत आणि तिथे पाणी १४ मीटर खाली उतरतं. साधारण चार मजली इमारतीएवढं! याच गावात अकराव्या शतकातलं सान मार्तिन चर्च आहे. सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरूही बोआदिया ते फ्रोमिस्ता हा टप्पा कालव्याच्या काठानेच चालतात.

• काम्पोस शाखा (७८ किमी, ७ लॉक): कालाओरा दे रिबास ते मेदिना दे रिओसेको. सगळ्यात सपाट आणि सगळ्यात निवांत. वाटेतल्या वियाउंब्रालेस गावात कालव्याचं संग्रहालय आहे. जवळच्या पारेदेस दे नावामध्ये शिल्पकार आलोन्सो बेर्रुगेते जन्मला. शेवटी मेदिना दे रिओसेकोत होड्यांचा जुना धक्का आणि पिठाची जुनी गिरणी पाहायला मिळते.

• दक्षिण शाखा (५४ किमी, १८ लॉक): एल सेर्रोन ते वायादोलिद, पालेन्सिया शहराला लागून. वाट थोडी सोडली की बान्योस दे सेर्रातो इथे इसवी सन ६६१ मधलं, व्हिसिगॉथ राजाने बांधलेलं चर्च लागतं. शेवट वायादोलिदला. इसाबेला आणि फर्नांदो यांचं लग्न १४६९ मध्ये याच शहरात झालं आणि १५०६ मध्ये कोलंबसने शेवटचा श्वास घेतला तोही इथेच.

जायचं असेल तर हे लक्षात ठेवा

• दिशा: उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं तर हलका उतार मिळतो. आलार देल रेयला रेल्वे स्थानक आहे, पण गाडीत सायकलींची जागा मर्यादित असते. आधी चौकशी केलेली बरी.

• वेळ: उत्तर आणि काम्पोस शाखा मिळून १५३ किमी होतात. सवय नसलेल्यांनाही तीन-चार दिवसांत जमतात. मेदिना दे रिओसेकोला रेल्वे नाही, तिथून पुढे बस किंवा सायकलच.

• ऋतू: एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. भर उन्हाळ्यात ऊन तापतं आणि सगळीकडेच सावली नाही. हिवाळ्यात धुकं आणि कडाका.

• सायकल: वाट बहुतेक ठिकाणी माती-खडीची आहे. जाड टायरची सायकल घ्या. पाऊस पडला की चिकणमातीत चाकं रुततात. पंक्चर काढण्याचं सामान जवळ असू द्या, कारण दुकान जवळ असेलच असं नाही.

• काळजी: वाट पूर्ण निर्मनुष्य नसते. शेतकऱ्यांची किंवा कालव्याच्या देखभालीची गाडी येऊ शकते आणि काही ठिकाणी रस्ता ओलांडावा लागतो. काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलं सोबत असतील तर विशेष लक्ष ठेवा.

या शांततेची दुसरी बाजू

या प्रदेशाचं नाव तिएर्रा दे काम्पोस, म्हणजे शेतांची भूमी. मातीच्या विटांची घरं, गोल-चौकोनी कबुतरखाने आणि दूरवरून दिसणारे चर्चचे मनोरे ही इथली ओळख. पण अनेक घरांना कुलूप आहे आणि कित्येक कबुतरखाने ढासळलेत.

शेतीत यंत्रं आली, हातांना काम उरलं नाही आणि तरुण माणसं शहरांकडे गेली. स्पेनमध्ये अशा भागांना ‘एस्पान्या वासियादा’ म्हणतात, म्हणजे रिकामा केलेला स्पेन. ३१ मार्च २०१९ रोजी या भागांतल्या हजारो लोकांनी माद्रिदमध्ये मोर्चा काढला. मागण्या साध्याच होत्या: रेल्वे, दवाखाना, इंटरनेट. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या बंद घरांच्या गावातून आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

म्हणजे पाहुण्याला जी शांतता हवीहवीशी वाटते, तीच गावकऱ्यांची मोठी चिंता आहे. सायकलवाल्यांमुळे गावं पुन्हा भरणार नाहीत. पण सायकलवाला गावातच जेवतो, गावातच मुक्काम करतो आणि पाण्याची बाटलीही गावातल्याच दुकानातून घेतो. जिथे एकच बार आणि एकच दुकान उरलं आहे, तिथे ते चालू राहायला तेवढाच हातभार लागतो.

त्यामुळे या वाटेने जाणार असाल तर सगळं सामान शहरातून भरून नेऊ नका. दुपारी दुकानं बंद असतात हे ध्यानात ठेवून गावात जरा थांबा आणि जेवून पुढे निघा.