नदीची सरासरी आणि नदीचा स्वभाव

नदीला किती पाणी लागतं, हा प्रश्न जरा विचित्रच वाटतो. पाणी हीच तर नदी! पण धरणं बांधली की तो विचारावा लागतो, आणि उत्तर ठरतं ते आपण कोणता आकडा मोजतो यावरून. आज अमेरिकेतल्या अशा आकड्यांचा इतिहास पाहू.

1889 साली न्यू मेक्सिकोत एम्बुडो इथे, रिओ ग्रांदे नदीवर, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने आपलं पहिलं प्रवाहमापन केंद्र उभारलं. खात्याचे प्रमुख होते जॉन वेस्ली पॉवेल. कोरड्या पश्चिमेत किती जमीन भिजवता येईल, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. हिशेब माणसाच्या गरजेचा होता, माशांचा नव्हे. पण त्या सवयीतून रोजच्या नोंदींचं भांडार साठत गेलं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

1976 साली डोनाल्ड टेनंट यांनी एक सोपा नियम मांडला. वार्षिक सरासरीच्या 10 टक्के प्रवाह राहिला तर मासे कसेबसे तगतील. 30 टक्के राहिला तर बरं चालेल. हे टेबलावर बसून रचलेलं नव्हतं, ओढ्यांत उतरून मोजलेलं होतं. नियम सोपा, म्हणून पसरला. पण सरासरी ही मोठी लबाड वस्तू आहे. एक नदी बारा महिने 100 एकक वाहते. दुसरी तीन महिने 400 आणि उरलेले नऊ महिने कोरडी. दोघींची सरासरी 100! पावसाळी नद्यांच्या मुलखात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोलोरॅडो नदीवर 1963 साली ग्लेन कॅन्यन धरणाने पाणी अडवायला सुरुवात केली. (त्याच्या जलाशयाला पॉवेल यांचंच नाव आहे.) खाली नदी वाहतच राहिली, पण वसंतातला पूर गेला, गाळ वर अडकला, वाळूचे काठ झिजले. 1996 साली तिथे मुद्दाम पूर सोडला गेला: सात दिवस, सेकंदाला 45,000 घनफूट. पूर म्हणजे आपत्ती, ही कल्पना इथे उलटली.

त्याच वर्षी ब्रायन रिक्टर आणि सहकाऱ्यांनी रोआनोक नदीचं उदाहरण घेऊन 32 निर्देशक मांडले. पाणी किती, केव्हा, किती वेळा, किती काळ, आणि किती झपाट्याने चढतं-उतरतं. मला यात तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न दिसतो: वस्तूचं स्वरूप तिच्या मात्रेत असतं की तिच्या वागण्यात? 2003 साली ओल्डन आणि पॉफ यांनी असे 171 निर्देशक तपासले आणि दाखवलं, की त्यांतले बरेच एकच गोष्ट पुन्हा सांगतात.

एवढे आकडे हाताने कोण काढणार? सॉफ्टवेअर आलं. रिक्टर यांच्या पद्धतीचा प्रोग्रॅम फुकट मिळायचा. पण फुकट आणि खुलं यांत फरक आहे. पुढे त्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ‘आर’ या मुक्त संगणकभाषेत ‘ईफ्लोस्टॅट्स’ हे पॅकेज लिहिलं. त्याचा कोड कुणीही वाचू शकतो.

वाचून काय मिळतं? एक उदाहरण घ्या. एका वर्षी सर्वांत मोठा पूर 31 डिसेंबरला आला, म्हणजे 365व्या दिवशी. पुढचा एका वर्षाआड 1 जानेवारीला, म्हणजे पहिल्या दिवशी. सरासरी काढा: 183, म्हणजे जुलैची सुरुवात! हिवाळ्यात पूर येणारी नदी कागदावर ऐन उन्हाळ्यात फुगली. तारखा वर्तुळावर मांडून सरासरी काढावी लागते. ती तशी काढली आहे का, हे कोड उघडा असेल तरच कळतं. तसंच जलवर्षाचं. त्यांचं 1 ऑक्टोबरला सुरू होतं, आपलं 1 जूनला. 25व्या शतमकाखालचा प्रवाह म्हणजे ‘कमी पाणी’, हेही कुणीतरी ठरवलेलंच आहे. शेतकरी, वीजवाले आणि मासेवाले एका टेबलाशी बसतात, तेव्हा भांडण बहुधा अशा व्याख्यांवरच असतं; ती बंद डब्यात असतील तर भांडायचं कशाशी?

अर्थात कोड खुला असला, तरी त्यात घातलेल्या नोंदी जेवढं सांगतील तेवढंच तो सांगणार. हे निर्देशक बहुतांशी दिवसाच्या सरासरी प्रवाहावर चालतात. ग्लेन कॅन्यनखाली विजेच्या मागणीप्रमाणे पाणी दुपारी चढायचं, रात्री उतरायचं. काठावरच्या जिवांना ते रोज सोसावं लागे. दिवसाची सरासरी घेतली, की तो चढउतार आकड्यांतून पुसला जातो. तो पकडायचा तर नोंदी तासांच्या किंवा त्याहून बारीक हव्यात.