कासोटा, फडकी आणि सुरका : उत्तर कोकणातील पाण्याकाठच्या वेशाचा इतिहास

समुद्रकिनाऱ्यावरचा सैलसर, सुटसुटीत पोशाख म्हणून आज जे कपडे बाजारात विकले जातात, त्यांचे मूळ बहुतेक ठिकाणी श्रमाच्या वेशात सापडते, आणि उत्तर कोकणही या नियमाला अपवाद नाही. सातपाटी, अर्नाळा, वसई आणि डहाणू या किनाऱ्यावरील सोनकोळ्यांचा, म्हणजे समुद्रात मासेमारी करणाऱ्या कोळ्यांचा वेश पाण्यातल्या कामातून घडला. मात्र त्याचा इतिहास केवळ किनाऱ्यापुरता पाहिला तर तो अर्धाच हाती लागतो. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांचा डोंगरी मुलूख, लेंडी नदीवरच्या धबधब्यासाठी ओळखला जाणारा दाभोसा गावाचा परिसर आणि खाली खाडीकाठची गावे यांच्यात वेशाची एक सामायिक रीत होती, आणि त्या रीतीच्या चौकटीत प्रत्येक नेसणारा आपापली खूण उमटवीत असे, हे या इतिहासाचे सर्वांत मोलाचे अंग आहे.

डोंगर आणि दर्या यांचा संबंध येथे जुना आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोखाड्याच्या बाजूने वाहत येऊन अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते, आणि माणसे व माल यांचीही ये-जा याच दिशांनी होत राहिली. किनाऱ्यावरून सुकट आणि बोंबील वर जात, तर डोंगरातून लाकूड, बांबू आणि झाडांच्या साली खाली येत. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुती किंवा तागाच्या सुताची असत आणि खाऱ्या पाण्यात ती कुजू नयेत म्हणून ऐनासारख्या झाडांच्या सालीचा काढा करून त्यात ती भिजवीत. त्या काढ्याने जाळ्याला तपकिरी रंग चढे आणि धागा टिके. जव्हारचे संस्थान मुकणे या महादेव कोळी घराण्याचे होते, ते 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच्या उत्पन्नात जंगलाचा, विशेषतः सागाचा वाटा मोठा होता. सोनकोळी आणि महादेव कोळी हे व्यवसायाने, दैवतांनी आणि लग्नसंबंधांनी वेगळे समाज असले, तरी चिखलात आणि पाण्यात उभे राहून काम करण्याची गरज दोघांनाही सारखीच होती, आणि कपड्याच्या बाबतीत या गरजेचा प्रभाव जातीच्या सीमांपेक्षा अधिक पडलेला दिसतो.

या वेशाचा कणा म्हणजे आखूड नेसलेले लुगडे. लुगडे म्हणजे आठ-नऊ वारांचे न शिवलेले सुती वस्त्र, आणि कासोटा म्हणजे त्याच्या निऱ्या दोन्ही पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचण्याची पद्धत. देशावरच्या नऊवारीत हा कासोटा घोट्यापर्यंत उतरतो, तर सोनकोळी स्त्री तो गुडघ्याच्या आसपास घट्ट ठेवते, कारण ओहोटीच्या चिखलातून टोपली डोक्यावर घेऊन चालताना भिजलेला काठ पायात अडकणे परवडत नाही. अनेक सोनकोळी गावांत लुगड्याचा पदर खांद्यावर न घेता उरलेले वस्त्र कमरेभोवतीच आवळीत आणि वरच्या अंगावर चोळी व फडकी घेत. फडकी म्हणजे खांद्यावरून व पाठीवरून घ्यायचे वेगळे, लहान वस्त्र. जव्हार, मोखाडा आणि त्यापलीकडच्या डोंगराळ भागातील कोकणा, वारली आणि महादेव कोळी स्त्रियांमध्येही आखूड लुगडे आणि फडकी ही जोडी रूढ होती, आणि भाताची आवणी, म्हणजे रोपे उपटून चिखलात लावण्याचे काम, पाहिले की त्यामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. किनाऱ्याच्या वेशाला स्वतंत्र शोध मानणाऱ्यांनी दाभोशाच्या खाचरातला हा कासोटा आवर्जून लक्षात घ्यायला हवा.

पुरुषांच्या वेशात सुरका हे सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वस्त्र होय. सुरका म्हणजे चौकड्यांचा किंवा छापील चौकोनी रुमाल. तो कर्णावर दुमडून त्रिकोण करीत, दोन टोके कमरेला बांधीत आणि तिसरे टोक पुढच्या बाजूला सोडीत, त्यामुळे पाय पूर्ण मोकळे राहत व होडीच्या काठावरून उडी टाकताना कापड आड येत नसे. अंगात बंडी आणि डोक्याला घट्ट बसणारी, बहुधा लाल कापडाची टोपी असे. डोंगरात याच जागी लंगोटी, खांद्यावर टाकायचे कापड आणि डोक्याला गुंडाळलेले मुंडासे होते. 1882 साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने आणि पुढे व्ही. बी. पुणेकर यांच्या सोनकोळ्यांवरील 1959 च्या अभ्यासग्रंथाने या समाजांच्या चालीरीतींची नोंद ठेवली. वारल्यांविषयी असेच काम के. जे. सावे यांनी 1945 साली केले.

अशा नोंदी वाचताना समाजाचा वेश एकसाची होता असा समज होण्याचा धोका असतो, आणि तो समज चुकीचा आहे. नेसण्याची रीत समाजाची असली तरी कापड निवडणारा हात व्यक्तीचा होता. लुगड्याचा काठ रुंद की अरुंद, चौकडा बारीक की ठसठशीत, चोळीचे कापड काठाला जुळणारे की मुद्दाम विरोधी रंगाचे, फडकी कोणत्या खांद्यावरून सोडायची, अंबाड्यात वेणी केव्हा माळायची, सुरक्याची गाठ डावीकडे की उजवीकडे, टोपी कपाळावर किती पुढे ओढायची, या लहान लहान निर्णयांतून एकाच आळीतल्या दोन बायका किंवा एकाच होडीवरचे दोन तांडेल लांबून वेगळे ओळखू येत. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि त्याच्या टोपीकडे व बंडीकडे खलाशांचे लक्ष असणे स्वाभाविक होते. दागिन्यांची गोष्ट तर उघडच आहे, कारण मासळी विकून हाती आलेला पैसा कोळणीच्या स्वतःच्या ताब्यात राहत असे आणि तो बहुधा सोन्यात घातला जाई. वेशातील तिची पसंती टिकून राहण्यामागे हे आर्थिक स्वातंत्र्य फार मोठे कारण आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने या निवडीचा आणखी एक पदर उलगडला. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली; या दोन शतकांत धर्म बदललेल्या कुटुंबांनी कासोट्याचे लुगडे मात्र सोडले नाही. लाल चौकड्यांचे सुती लुगडे आणि त्यावर सोन्याचे दागिने हा त्यांचा सणाचा वेश झाला, आणि 1887 साली या समाजाने ईस्ट इंडियन हे नाव अधिकृतपणे धारण केल्यानंतरही तोच वेश त्यांची ओळख म्हणून राहिला. धर्म, भाषेतले शब्द आणि आडनावे बदलूनही नेसण्याची रीत तशीच राहावी, यावरून ती अंगवळणी किती पडली होती याचा अंदाज येतो.

जगाच्या इतर किनाऱ्यांवरही वेश श्रमाकडून हौसेकडे गेला, पण फ्रान्समधील वाटचाल उलटी आहे. 27 मार्च 1858 च्या आदेशाने फ्रेंच नौदलाने खलाशांसाठी निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा सदरा ठरवून दिला, त्यात पांढरे पट्टे 21 असावेत इतका तपशील होता. पुढे 1913 मध्ये दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुकान काढणाऱ्या कोको शानेल यांनी खलाशांच्या कपड्यांतला साधेपणा श्रीमंत स्त्रियांच्या पोशाखात आणला. मद्रासच्या बाजूला विणल्या जाणाऱ्या चौकड्यांच्या कापडाचे नशीबही असेच पालटले, कारण 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ते सुट्टीतला उन्हाळी पोशाख म्हणून गाजले आणि धुतल्यावर रंग सुटणे हा त्याचा दोष जाहिरातीत गुण म्हणून सांगितला गेला. फ्रान्समध्ये वेश आधी सरकारी हुकमाने एकसारखा झाला आणि मग हौशी माणसांनी तो आपलासा केला. उत्तर कोकणात मात्र तो मुळातच ज्याचा त्याचा होता, आणि एकसारखेपणा मागाहून आला.

येथे डोंगर आणि किनारा यांतला एक कठोर भेद सांगणे आवश्यक आहे. आपल्या आवडीचा काठ निवडायला आधी कापड विकत घेण्याची ऐपत लागते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती डोंगरातल्या बहुतेकांकडे नव्हती. ठाणे जिल्ह्याच्या वारली भागात लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढून त्यापायी आयुष्यभर वेठीने राबणाऱ्यांना लग्नगडी म्हणत, आणि या वेठबिगारीविरुद्ध 1945 साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. ज्याच्या अंगावर एकच लंगोटी होती त्याच्या वेशाला साधेपणाची आवड म्हणून गौरविणे हा त्या माणसावर अन्याय आहे. तरीही हाती जे होते त्यात निवड झालीच : मण्यांच्या माळा, कानातले, अंगावर कोरून घेतलेले गोंदण आणि मुंडाशाची बांधणी यांत डोंगरातल्या माणसाने आपली हौस जपली.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत बदल झपाट्याने झाले. गिरणीच्या सुती लुगड्यांची जागा आधी कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली, मग गोल पातळाने, म्हणजे कासोटा न घालता नेसायच्या पाचवारीने. आज किनाऱ्यावरच्या बाजारात गाऊनवर ओढणी घेतलेली कोळीण सर्रास दिसते, आणि कामाला सोपा म्हणून तिने गाऊन निवडला असेल तर त्यात खेद मानण्यासारखे काही नाही, कारण आखूड लुगडेही तिच्या आज्जीने त्याच कारणासाठी निवडले होते. खरी हानी दुसरीकडे झाली. स्नेहसंमेलने, मिरवणुका आणि दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम यांसाठी भाड्याने मिळणारा तयार कोळी वेश रूढ झाला, त्यात कासोटा शिवलेला असतो, सर्वांचे काठ एका रंगाचे असतात आणि सर्वांच्या टोप्या एका मापाच्या असतात. ज्या वेशाचे सारे सौंदर्य ज्याच्या त्याच्या निवडीत होते, त्याचा असा गणवेश होणे हे त्याचे मरण आहे.

डोंगरातून मात्र याच काळात वेशाला नवी भर मिळाली. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची वारली चित्रकला कागदावर व कापडावर आणली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या चित्रांतील मासेमारीच्या जाळ्याचे बारीक विणलेले रूप डोंगर व दर्या यांच्या जुन्या नात्याची साक्ष देते. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. आज कुडते, साड्या आणि शर्ट यांवर ही चित्रे छापली जातात. त्यांतली यंत्रावर हजारोंनी छापलेली किती आणि चित्रकाराच्या हातची किती, हे घेणाऱ्याने विचारायला हवे, कारण हातची असतील तरच पैसा गंजाड, दाभोसा आणि जव्हारच्या पाड्यांपर्यंत पोचतो.

उत्तर कोकणच्या वेशाविषयी छापील माहिती समाजवार आहे, व्यक्तिवार नाही, आणि ती उणीव भरून काढणे अजून शक्य आहे. कासोट्याचे लुगडे नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया कोळीवाड्यांत आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आजही आहेत. ज्यांच्या घरी अशी आज्जी आहे त्यांनी तिची नेसण्याची पद्धत, काठाची निवड आणि फडकी घेण्याची रीत तिच्या संमतीने चित्रित करून, तिच्या नावानिशी आणि गावानिशी जपून ठेवावी.